‘बाई, तुम्हीच विषय द्या ना!’

पत्र :

सप्रेम नमस्कार. मी नववीला भाषा शिकवते. ‘माझा आवडता ऋतू’, ‘वेळेचे महत्त्व’, ‘मी पक्षी झालो तर’ असले तेच ते निबंध अकरा वर्षं तपासून माझंच डोकं बधिर झालं होतं. म्हणून या सत्रात ठरवलं, विषय ज्याचा त्यानं निवडायचा. वाटलं होतं, मुलं खूश होतील. पहिल्याच तासाला निम्मा वर्ग पेनाची टोपणं चावत बसला. ‘बाई, तुम्हीच विषय द्या ना!’ हे मी त्या दिवशी कितीदा ऐकलं असेल याची गणतीच नाही. काहींनी लिहिलं, पण इतकं गुळगुळीत, की ते कुठून आलं हे ओळखायला फार अक्कल लागली नाही. एका मुलानं लागोपाठ तीन निबंध एकाच मोबाइल गेमवर लिहिले. आणि एका मुलीनं घरातल्या रात्रीच्या भांडणांबद्दल असं काही लिहिलंय, की त्याखाली काय शेरा द्यावा हे न सुचल्यानं ती वही आठ दिवस माझ्या पिशवीत आहे. सहकारी म्हणतात, ‘आम्ही सांगितलंच होतं, मोकळीक मुलांना झेपत नाही.’ पालक विचारतात, ‘परीक्षेत असं येतं का?’ प्रयोग गुंडाळू का?

– एक भाषाशिक्षिका

उत्तर :

स. न.

गुंडाळू नका. पण तुमच्या पत्रातला जो प्रश्न तुम्ही जवळजवळ शेवटी, जाता जाता लिहिलाय, तो मी आधी घेते. बाकीचं सगळं आठवडाभर थांबलं तरी काही बिघडत नाही. ती वही थांबू शकत नाही.

हे आठ दिवस त्या मुलीच्या बाजूनं मोजून पाहा. ती रोज वर्गात येते, बाईंच्या चेहऱ्याकडे बघते, वाचलं असेल का याचा अंदाज घेते आणि घरी जाते. शेरा सुचत नाही हे ठीकच आहे, कारण तिथे शेरा नकोच आहे. उद्या मधल्या सुट्टीत तिला बाजूला घ्या. ‘तू लिहिलेलं मी वाचलं. मला सांगितलंस, बरं केलंस. आता कसं आहे घरी?’ एवढंच विचारा आणि मग गप्प बसा; ती बोलेपर्यंत खरोखर गप्प. तिच्या बोलण्यात मारहाणीची, भीतीची, कुणाच्या नको त्या वागण्याची नुसती शंका आली तरी ते पोटात ठेवू नका. त्याच दिवशी शाळेच्या समुपदेशकांना सांगा, ते नसतील तर मुख्याध्यापकांना. कुणाला सांगणार आहात आणि कशासाठी, हे तिलाही सांगा. ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. ते पाळणं तुमच्या हातात नसतं. तसं काही निघालं नाही, नुसती धुसफूस असली, तर तिला ते एकदा कागदावर उतरवता आलं हेही थोडं नाही. त्या पानाला गुण देऊ नका. दहापैकी सात कशाचे द्यायचे?

आणि वर्गासाठी एक नियम. खरं तर तो पहिल्या दिवशीच सांगायला हवा होता, पण अजून वेळ गेलेली नाही. ज्याला आपलं लिखाण वर्गापुढे यायला नको असेल, त्यानं ते पान मधोमध दुमडायचं. दुमडलेलं पान बाई वाचतील, पण मोठ्यानं वाचणार नाहीत आणि कुणाला दाखवणार नाहीत. अपवाद एकच : कुणी संकटात आहे असं वाटलं तर बाई योग्य माणसाशी बोलतील. इतक्या साध्या शब्दांत सांगा. नववीच्या मुलांना आडवळणानं बोललेलं लगेच कळतं, आणि ती आपल्याशीही मग तशीच बोलायला लागतात.

आता चावलेल्या टोपणांकडे येऊ.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी अगदी हेच केलं होतं. फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘कोणताही विषय’ लिहिलं आणि मोठ्या रुबाबात खुर्चीत जाऊन बसले. वीस मिनिटांनी फेरी मारली, तर वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीची वही कोरी आणि ती रडकुंडीला आलेली. हीच मुलगी दिलेल्या विषयावर अर्ध्या तासात तीन पानं भरायची : प्रास्ताविक, मुद्दे, एक सुविचार, समारोप. मला तेव्हा तिचा रागच आला होता. पुढे बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं, की आठ-नऊ वर्षं विषय शोधायचं काम आम्ही शिक्षकच करत होतो. ते काम तिच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. आणि त्या दिवशी मी ते एकदम तिच्या अंगावर टाकून मोकळी झाले, वर त्याला स्वातंत्र्य म्हटलं.

तुमच्या वर्गात हेच झालंय. मोकळीक मुलांना झेपत नाही, हे तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं मला पटत नाही. विषय निवडता येणं हे लिहिण्यातलंच एक काम आहे. शुद्धलेखन शिकवतो, परिच्छेद पाडायला शिकवतो, तसं तेही शिकवावं लागतं. तुम्ही परवानगी दिलीत, शिकवणं राहून गेलं.

या विषयावर ज्यांनी मन लावून काम केलं त्यांत डोनाल्ड ग्रेव्ह्ज हे नाव मोठं. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ ते १९८० अशी दोन वर्षं एका शाळेत लहान मुलांच्या शेजारी बसून ती लिहितात कशी हे पाहिलं. ज्या मुलाला कायम विषय पुरवला जातो त्याची तुलना ते सरकारी मदतीवर अवलंबून राहिलेल्या माणसाशी करत. उपमा मला आवडत नाही, गरजू माणसावर ती अन्याय करते. पण मुद्दा बिनतोड आहे : विषय आयता मिळण्याची सवय लागते आणि ती सुटताना त्रास होतो. तुमचा वर्ग सध्या त्या त्रासात आहे. नॅन्सी अ‍ॅटवेल यांचंही सांगते. आठवीला शिकवणाऱ्या या बाईंना २०१५ साली दहा लाख डॉलरचा पहिला जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. मुलांनी विषय निवडण्याच्या पद्धतीच्या त्या मोठ्या पुरस्कर्त्या, पण सुरुवातीला त्यांचाही याला विरोधच होता. आपण बेतलेले विषय सोडवत नव्हते. तेव्हा तुमच्या सहकाऱ्यांवर फार चिडू नका.

‘कोणताही’ या शब्दातच गोम आहे. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांचा २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास निवडीबद्दल बोलताना सारखा सांगितला जातो, आणि तोही मुख्यतः जॅमच्या बाटल्यांसाठी (खूप प्रकार मांडले, तर विकत घेणारे कमी निघाले). त्याच अभ्यासात निबंधाचाही एक प्रयोग होता, त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या १९३ विद्यार्थ्यांना जादा गुणांसाठी एक ऐच्छिक निबंध लिहायला सांगितला. काहींना सहा विषयांची यादी दिली, काहींना तीस विषयांची. सहावाल्यांपैकी ७४ टक्क्यांनी निबंध लिहून दिला, तीसवाल्यांपैकी ६० टक्क्यांनी. आणि सहावाल्यांचे निबंध थोडे सरसही ठरले. ही विद्यापीठातली मुलं, तीही तीस विषयांपुढे बिचकली. तुमच्या नववीतल्यांपुढे तर अख्खं जग ठेवलं होतंत.

मग सहा विषयांची यादी द्यायची का? यादी हवीच, पण ती ज्याची त्यानं केलेली.

पहिला तास नुसता यादीचा ठेवा. निबंध नाही, पूर्ण वाक्यसुद्धा नाही. वहीचं शेवटचं पान उघडायचं आणि विचारलेल्या प्रश्नांना एकदोन शब्दांत उत्तरं लिहायची. मी विचारायचे ते प्रश्न असे : घरात असं कोणतं काम आहे जे तुझ्याइतकं चांगलं कुणालाच जमत नाही? गेल्या महिन्यात कशावरून खोटं बोललास? कोणती वस्तू मोडली तरी टाकवत नाही? मोठी माणसं नेहमी चुकीचं सांगतात असं काय आहे? कोणता आवाज आला की पोटात गोळा येतो? प्रश्न जितका नेमका, तितकं उत्तर लवकर येतं. ‘तुझी आवड काय?’ असं विचारलंत तर वाचन, संगीत, निसर्ग. संपला तास.

आणि हे मुलांना सांगण्याआधी फळ्यावर तुमची स्वतःची यादी लिहा. ही पायरी गाळाल तर पुढचं सगळं लंगडं पडेल. खरी यादी लिहा, वर्गासाठी नटवलेली नको. माझ्या यादीत एकदा ‘बहिणीशी दोन वर्षं अबोला’ होतं, ‘शिलाई मशीनचा दोरा ओवणं’ होतं, ‘माझं अक्षर’ होतं. एक विषय लिहून मी तो मुलांसमोर खोडला आणि म्हटलं, हा माझ्याकडे आहे, पण तुम्हाला सांगायचा नाहीये. वर्गात चिडीचूप. त्यानंतर त्यांच्या यादीतही खोडलेल्या ओळी दिसायला लागल्या. खोडणं ही निवडच आहे.

दुसऱ्या तासाला यादीतले तीन विषय ठेवायचे आणि प्रत्येकावर पाच मिनिटं, पेन न उचलता लिहायचं. ज्यावर पेन आपोआप पळालं तो विषय घ्यायचा. इथवर बहुतेक मुलं येतात. जी येत नाहीत त्यांच्याशी बोलावं लागतं, आणि या कामातली खरी मजा मला तिथेच वाटत आली आहे.

एक मुलगा आठवतो. यादीत पहिलाच शब्द ‘क्रिकेट’. आधीच्या खेपेला त्यानं याच विषयावर चार पानं लिहिली होती : खेळाचा इतिहास, थोर खेळाडू, खेळाचे फायदे. एकही ओळ त्याची नव्हती. मी त्याच्या बाकाशेजारी स्टूल ओढलं.

‘तू खेळतोस?’

‘नाही. घेत नाहीत मला.’

‘मग मैदानावर करतोस काय?’

‘स्कोअर लिहितो.’

त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, आणि हेच पथ्यावर पडलं, कारण मी विचारत होते ते खरोखर माहीत नव्हतं म्हणून. त्यानं वहीच्या कडेला पेन्सिलीनं काढून दाखवलं. चेंडूवर धाव झाली नाही की टिंब. वाइडला फुली, नो-बॉलला गोल. सहाच्या सहा चेंडू कोरे गेले, की ती सहा टिंबं रेघेनं जोडायची, त्यातून ‘एम’ अक्षर होतं. म्हणजे मेडन, निर्धाव षटक. त्यात गडी बाद झाला असेल तर ‘डब्ल्यू’ जोडायचा. हे सांगताना त्याची पेन्सिल माझ्यासाठी जरा सावकाश चालली होती. मग तो म्हणाला, ‘पाच टिंबं झाली ना बाई, की सहाव्या चेंडूला माझाच हात थरथरतो. बोलरला नसेल तेवढं टेन्शन मला येतं.’

‘हे लिही,’ म्हटलं, आणि उठले.

निबंधाचं नाव त्यानंच ठेवलं, ‘पाच टिंबं’. जेमतेम सव्वा पान. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या आणि शेवट घाईत उरकलेला होता. पण मैदानाच्या कडेला बसलेल्या, संघात न घेतलेल्या मुलाला खेळ कसा दिसतो, ते मी त्यापूर्वी कुठे वाचलं नव्हतं.

मी त्याला फक्त दोन गोष्टी विचारल्या होत्या : यात तू कुठे असतोस आणि यातलं तुला काय ठाऊक आहे जे मला नाही. तुम्हीही याच दोन विचारा. सूचना देऊ नका. डोनाल्ड मरे हे आधी पत्रकार. १९५४ साली अग्रलेखांसाठी त्यांना पुलित्झर हा पत्रकारितेतला मोठा अमेरिकन पुरस्कार मिळाला, पुढे ते लेखन शिकवू लागले. लिहिणं शिकवणाऱ्यानं गप्प राहून ऐकलं पाहिजे, असं त्यांनी १९७२ मध्येच सांगून ठेवलंय. वाचायला सोपं आहे हो. चाळीस मुलांच्या वर्गात गप्प राहणं म्हणजे काय, ते तुम्हाला-मला माहीत आहे. सगळ्यांशी एकाच तासात बोलायचा हट्ट धरू नका. एका तासाला पाच-सहा जण, प्रत्येकी तीन मिनिटं. बाकीचे तोवर लिहीत असतात.

गुळगुळीत निबंधांचंही उत्तर यातच थोडंसं आहे. विषय छोटा आणि स्वतःचा असला की नक्कल होतच नाही, असं काही जण सांगतात. स्वतःची फसवणूक करून घेऊ नका, यंत्र ‘पाच टिंबं’ या नावावरही दोन पानं लिहून देईल. फरक पडतो तो वेगळ्या गोष्टीनं. यादी वर्गात झाली, बोलणं वर्गात झालं, पहिला कच्चा खर्डा तुमच्या डोळ्यांसमोर हातानं लिहिला गेला, म्हणजे मग घरून आलेल्या पक्क्या प्रतीत परकं वाक्य आलं की ते तुमच्याआधी त्या मुलालाच खुपतं. ज्यांनी यावेळी उसनं आणलं त्यांची चौकशी समिती नेमू नका. त्यांना शांतपणे पुन्हा यादीच्या पानावर बसवा. बहुतेकांनी ते आळसानं नाही, घाबरून केलेलं असतं.

मोबाइल गेमवाल्याबद्दल मला मुळीच काळजी वाटत नाही. एकाच विषयावर परत परत लिहिणं हा दोष कधीपासून झाला? माँतेन्य या फ्रेंच लेखकानं १५८० साली आपले निबंध पहिल्यांदा छापले. ‘निबंध’ याला फ्रेंचमध्ये त्यानं जो शब्द वापरला त्याचा अर्थ प्रयत्न, चाचपणी असा होतो. (आपल्या शब्दात ‘बंध’ आहे, बांधणं आहे. आपल्या वर्गांत बांधणंच जरा जास्त झालं की काय, असं मला कधीकधी वाटतं.) त्या गृहस्थानं वासांवर लिहिलं, हाताच्या अंगठ्यांवर लिहिलं, आणि १५९२ मध्ये मरेपर्यंत त्याच निबंधांत भर घालत राहिला. तेव्हा चौथाही गेमवर होऊ द्या, फक्त वाचणारा बदला. ज्यानं आयुष्यात तो गेम पाहिलेला नाही अशा आजोबांना समजेल असं लिही म्हणावं. किंवा गेम बनवणाऱ्यांना तक्रारीचं पत्र. किंवा हरल्यानंतरची पहिली दहा मिनिटं, तेवढीच. एवढं करूनही त्याच्याकडे सांगण्यासारखं उरलं, तर तो मुलगा तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा पुढे आहे असं समजा.

पालकांना थोडक्यात सांगा. परीक्षेत विषय दिलेलाच येणार, हे खरं. म्हणून तीन निबंध आपल्या निवडीचे झाले की चौथा दिलेल्या विषयावर, घड्याळ लावून. पण तेव्हाही सराव एकाच गोष्टीचा : परक्या विषयात आपलं दार शोधायचं. ‘वेळेचे महत्त्व’ आला, तर स्कोअर लिहिणारा मुलगा सहाव्या चेंडूआधीच्या त्या काही सेकंदांवर लिहू शकतो. ज्याला स्वतःचा विषय कधी सापडलेला नाही, त्याला असं दार दिसत नाही. तो पाठ केलेलं प्रास्ताविक लिहितो आणि परीक्षकाला तसली शेकडो वाचावी लागतात.

गुणांचं म्हणाल तर चाळीस वेगळे विषय एका तराजूत कसे तोलायचे, हा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. विषयाला गुण नाहीतच. लिहिणाऱ्यानं वाचणाऱ्याला काही दाखवलं का, मध्येच हात सोडून पळाला का, आणि खर्ड्यापासून पक्क्या प्रतीपर्यंत काय सुधारलं, एवढं बघा. शुद्धलेखनाला वेगळे, थोडे गुण ठेवा. शिवाय तीन निबंधांतला गुणांसाठी कुठला द्यायचा, हे मुलांनाच ठरवू द्या. तुमच्या तपासण्याच्या वह्या एकदम तिसऱ्या हिश्शावर येतील. हा फायदा सहकाऱ्यांना आवर्जून सांगा. तत्त्वापेक्षा त्यानं लवकर मतपरिवर्तन होतं असा माझा अनुभव आहे.

पहिल्या महिन्यात फार सुंदर काही येईल अशी अपेक्षा धरू नका. निम्म्या याद्या सारख्या निघतील, कारण मुलं शेजारच्या वहीत डोकावतात. डोकावू द्या. दुसऱ्याचा विषय बघून आपला आठवतो, असं खूपदा होतं. आणि एखादं मूल महिनाभरानंतरही ‘तुम्हीच द्या’ म्हणालं, तर द्या. त्याच्याच यादीतला एक उचलून द्या.

हे सगळं सोमवारपासून. वही मात्र उद्या.